साभार पोच, परीक्षण आणि शोधयंत्र

मराठी नियतकालिकांच्या अखेरच्या पानांवर ‘साभार पोच’ या मथळ्याखाली एक सदर येत असे. काही नियतकालिकांत ते आजही येते. संपादकांकडे आलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि मूल्य एवढाच मजकूर त्यात असतो. पुस्तक हाती आले, इतकीच ती ग्वाही. ते वाचले गेले आहे किंवा वाचनीय आहे, असा कोणताही दावा त्या नोंदीत अभिप्रेत नसतो. परीक्षणाचे सदर निराळे. तेथे कोणीतरी आपले नाव घालून मत देतो आणि त्या मताची जबाबदारी घेतो. वाचकाला हा भेद न सांगता कळत असे. ग्रंथकारालाही कळत असे. म्हणून पोच छापून आल्यावर त्याचे समाधान होत नसे, तो परीक्षणाची वाट पाहत राही. महाजालावर आपले लेखन वाचकांपर्यंत पोहोचवू पाहणाऱ्या भारतीय भाषांतील लेखकापुढे आज जो पेच आहे, तो मुख्यतः हा भेद पुसला गेल्यामुळे निर्माण झाला आहे. हा लेखक जबलपूरसारख्या गावी राहून मराठीत लिहीत असेल, तर तो पेच त्याला अधिक जाचतो. का, ते पुढे येईल.

वाचनखूण ही मुळात खाजगी वस्तू. पानांत ठेवलेले मोरपीस किंवा दुमडलेला कोपरा दुसऱ्या कोणासाठी नसतो. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशस’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि ही खाजगी वस्तू चारचौघांत आली. कोणी कोणत्या पानावर खूण घातली, कोणत्या शब्दाखाली ती नोंदवली, हे सर्वांना दिसू लागले. एकाच पानावर अनेकांच्या खुणा जमल्या की त्या पानात काही आहे असा तर्क करता येऊ लागला. पुढल्याच वर्षी संशोधकांसाठी ‘साइटयूलाइक’ निघाले आणि निबंधांवरही अशा खुणा पडू लागल्या. या सार्वजनिक वाचनखुणेची प्रतिष्ठा एकाच गोष्टीवर उभी होती. खूण घालणाऱ्याने ती स्वतःच्या स्मरणासाठी घातलेली असे, कोणाला काही पटवून देण्यासाठी नव्हे. जी साक्ष मन वळविण्याच्या हेतूने दिलेली नसते तिचे वजन अधिक, हे न्यायालयाला जसे ठाऊक असते तसे ते वाचकालाही ठाऊक असते.

शोधयंत्रांनी या साक्षींचे मोजमाप कसे सुरू केले, हे साहित्याच्या अभ्यासकांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण ती कल्पना विद्यापीठांच्या अंगणातूनच गेलेली आहे. १९६४ साली यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानविषयक निबंधांची उद्धरणसूची प्रसिद्ध केली. कोणता निबंध किती निबंधांनी उद्धृत केला, हे तीवरून कळे. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी हेच तत्त्व महाजालाला लावले. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे एक मत. आणि ज्याला स्वतःला पुष्कळ मते मिळाली आहेत त्याच्या मताला अधिक वजन. तळटीप आणि दुवा यांचे नाते असे सख्ख्या भावंडांचे आहे. तेव्हा शोधयंत्राच्या क्रमवारीला ‘बाजारी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या प्राध्यापकाने आपल्या पदोन्नतीच्या अर्जातील उद्धरणांचा रकाना एकदा पाहावा.

मते मोजली जातात म्हटल्यावर मतदार गोळा करणारे आले. लेखकाने एक लेख लिहावा, त्याचा चार ओळींचा सारांश करावा, आणि तोच सारांश तोच मथळा देऊन पन्नास वाचनखूण-स्थळांवर स्वतःच टाकावा. एक नाव पुरेना तर चार नावे घ्यावी. पुढे हे काम मजुरीने करून देणारी माणसे निघाली. खूण होती तिच्यासारखीच दिसत राहिली, पण तिच्यामागचा वाचक नाहीसा झाला. शोधयंत्रांनी यावर जे उपाय केले त्यांतील पहिला म्हणजे साभार पोच या सदराचेच पुनरुज्जीवन होय. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ नावाची एक चिठ्ठी मान्य केली. ज्या दुव्याला ती चिठ्ठी जोडलेली असेल तो दुवा वाचकाला नेहमीप्रमाणे त्या पानावर नेतो, परंतु त्याचे मत मोजले जात नाही. पुस्तक पोहोचले, अभिप्राय नाही. २०१९ साली तीत भर पडली: पैसे देऊन मिळविलेल्या दुव्यासाठी एक वेगळी चिठ्ठी आणि वाचकांनी स्वतः टाकलेल्या दुव्यांसाठी दुसरी. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने केलेला बदल अधिक कठोर होता. कृत्रिम दुव्यांच्या आधारे वर चढलेली असंख्य पाने त्याने एका झटक्यात खाली ओढली. गूगलच्या नियमावलीत निकृष्ट निर्देशिका आणि निकृष्ट वाचनखूण-स्थळे यांवरील दुव्यांचा उल्लेख लबाडीच्या प्रकारांत नाव घेऊन केलेला आहे.

यातून एक भय उत्पन्न झाले आणि ते आजही टिकून आहे: वाचनखुणा घातल्या की लेखन शोधयंत्रात बुडते. हे भय बहुतांशी निराधार आहे. २०१६ नंतर गूगलचे धोरण असे दुवे शक्यतो दुर्लक्षिण्याचे आहे, सरसकट शिक्षा करण्याचे नव्हे. शिक्षा उघड आणि पद्धतशीर बनवेगिरीसाठी राखून ठेवलेली आहे. चिठ्ठी लावलेल्या दुव्याने काहीच बिघडत नाही. लेखकाने आपल्या लेखाची वार्ता दोन-चार जागी स्वतः दिली, ती स्वतःच्या नावाने दिली, आणि प्रत्येक जागेच्या वाचकाला त्या लेखात काय मिळेल हे त्या त्या ठिकाणी नव्याने लिहिले, तर ते पोच देणेच झाले. बिघाड होतो तो पोचेला परीक्षणाचा वेश चढविल्यावर. तांत्रिक सल्ल्यांच्या जाडजूड याद्यांतून जे सांगितले जाते त्याचा बराचसा भाग या एका वाक्यात बसतो.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र वेगळी नोंदवली पाहिजे, कारण मराठी लेखक तीच नेमकी विसरतो. लेखाचा दुवा देणे आणि अखंड लेख दुसरीकडे पुन्हा छापणे यांत फार अंतर आहे. दिवाळी अंकातला लेख स्वतःच्या संकेतस्थळावर, मग एखाद्या मराठी संस्थळावर, मग आणखी कोठे जसाच्या तसा चिकटविला, म्हणजे शोधयंत्रापुढे तीन जुळी पाने उभी राहतात. त्यांतील एकच ते पुढे करते, आणि ते लेखकाचे असेलच असे नाही. मूळ पान कोणते हे सांगण्याची सोय २००९ पासून आहे. ज्या स्थळांवर ती वापरू देत नाहीत तेथे पहिला परिच्छेद आणि दुवा देऊन थांबणे शहाणपणाचे. मूळ लेख तर स्वतःच्या ताब्यातील पत्त्यावरच असावा. २०१३ साली ‘कनोटिया’ बंद झाले, २०१७ साली डिलिशसने नव्या खुणा घेणे थांबवले, २०१८ साली ‘स्टम्बलअपॉन’ मिटले, २०१९ साली साइटयूलाइक गेले. या जागी वर्षानुवर्षे जमविलेल्या खुणांपैकी किती मालकांनी वेळेवर उतरवून घेतल्या असतील याची कल्पना केलेली बरी!

हिंदीने हा सारा इतिहास मराठीच्या दोन पावले पुढे राहून भोगला. एप्रिल २००३ मध्ये आलोक कुमार यांच्या ‘नौ दो ग्यारह’पासून हिंदीत महाजालावरील वैयक्तिक लेखनाला आरंभ झाला आणि त्याला ‘चिट्ठा’ हे सुरेख नावही मिळाले. नवे चिट्ठे एका ठिकाणी दिसावेत म्हणून ‘नारद’, ‘चिट्ठाजगत’, ‘ब्लॉगवाणी’ असे संकलक निघाले. ब्लॉगवाणीवर वाचकाने लेखाला आपली ‘पसंद’ नोंदवण्याची सोय होती, आणि अधिक पसंद मिळालेले लेख ठळकपणे दिसत. काही काळातच ही पसंद खरी की ओढूनताणून आणलेली यावरून वाद पेटले, गटबाजीचे आरोप झाले. २०१० साली ब्लॉगवाणी थांबली. थांबण्याची कारणे कोणी काहीही सांगोत, लहान भाषिक वर्तुळात खोट्या पसंतीने काय होते याचे हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. इंग्रजीत एखाद्या विषयावर हजारो खऱ्या खुणा असतात. त्यांत शंभर खोट्या मिसळल्या तरी चित्र फारसे पालटत नाही. भारतीय भाषांत एखाद्या चांगल्या निबंधाला सहा खऱ्या खुणा असतात. तेथे दहा खोट्या खुणा घालणारा इसम एकटा साऱ्या भाषेची साक्ष बिघडवू शकतो. म्हणून मोठ्या भाषेत जो केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असतो, तो येथे वाचकांची भाषेवरील श्रद्धा टिकण्याचा प्रश्न होतो.

त्याच काळातले दुसरे उदाहरण जबलपूरशी निगडित आहे. मूळचे जबलपूरचे आणि कॅनडात स्थायिक झालेले समीर लाल यांची ‘उडन तश्तरी’ हिंदी चिट्ठ्यांत फार वाचली गेली. तिच्या लोकप्रियतेचे एक कारण तेव्हाचे सारे लेखक जाणत होते: हे गृहस्थ दुसऱ्यांचे वाचत, नवख्याच्या पहिल्यावहिल्या लेखाखालीही चार उत्तेजनाचे शब्द लिहीत. अशा शब्दांची अतिशयोक्ती होते, समीक्षा दुबळी पडते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही प्रसाराची ही रीत वाचनातून निघालेली होती, आणि कोणत्याही शोधयंत्राला तीत आक्षेपार्ह असे काही सापडले नसते.

जबलपूरचा मराठीशी संबंध केवळ शेजाराचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एका प्रांतात होते, नागपूर ही राजधानी होती. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते अवघी तीन वर्षे चालले, पण हिंदीतील ग्रंथपरीक्षणाचा पाया घालणाऱ्या नियतकालिकांत त्याची गणना होते. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे सप्रेच, आणि १९२० साली जबलपुरातून माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादकत्वाखाली ‘कर्मवीर’ निघाले त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. म्हणजे पोच आणि परीक्षण यांतला भेद हिंदीला शिकविण्यात या प्रदेशातील एका मराठी माणसाचा हात होता. १९५६ नंतर प्रांत तुटला, विद्यापीठ वेगळे झाले, आणि जबलपूरच्या मराठी लेखकाचा वाचक हळूहळू पुण्या-नागपुरात, म्हणजे त्याच्या हाताबाहेर, राहू लागला. महाजालाने हे अंतर मिटवायला हवे होते. थोडे मिटवलेही. पण तेथे लिपी आडवी आली.

शोधयंत्रात ‘नर्मदा परिक्रमा’ असे लिहून पाहावे. हे दोन शब्द हिंदीत आणि मराठीत अक्षर न अक्षर सारखे आहेत. ‘अनुभव’, ‘यात्रा’, ‘समीक्षा’, ‘कविता’ यांचेही तेच. तमिळ किंवा बंगाली लेखकाचे रक्षण त्याची लिपीच करते. मराठी लेखक मात्र देवनागरीच्या एकाच महाद्वारातून हिंदीच्या अफाट गर्दीबरोबर आत शिरतो. त्यातच शोध घेणारा जबलपूरसारख्या हिंदी प्रदेशात बसलेला असेल, तर त्याच्यापुढे हिंदी पाने येणे अगदी स्वाभाविक आहे. नर्मदा परिक्रमा हा विषय मराठीत किरकोळ नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत त्याची एक धारा आहे, आणि गेल्या वीस वर्षांत परिक्रमा करून आलेल्या मराठी माणसांनी महाजालावर लिहिलेल्या रोजनिश्या मोजण्यापलीकडच्या आहेत. ग्वारीघाट आणि भेडाघाट त्यांत वारंवार येतात. ग्वारीघाटापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला त्या सहज सापडत नाहीत, हे विपरीत नव्हे काय?

येथे दुव्याचे आणि खुणेचे खरे महत्त्व कळते. शब्द ज्या पानाला वेगळे काढू शकत नाही, त्याला त्याच्याकडे बोट दाखवणारे वाचक वेगळे काढतात. मराठी पानांनी मराठी पानाला दिलेला दुवा, त्या दुव्याच्या आसपास असलेला मराठी मजकूर, हीच त्याची ओळख. भाषाशास्त्राच्या अंगाने पाहता मराठीला एक लहानसे साहाय्य तिच्या व्याकरणाकडूनही मिळते. ‘परिक्रमा’ शब्द दोन्ही भाषांचा; ‘परिक्रमेतील’, ‘परिक्रमेला’ ही रूपे केवळ मराठीची. मथळ्यात मूळ शब्द असावा, कारण शोध घेणारा तोच लिहितो. पण त्याच मथळ्यात किंवा त्याच्या लगतच्या ओळीत सामान्यरूपाने सजलेला एखादा शब्द असला, तर पान कोणत्या भाषेचे याविषयी यंत्राला शंका उरू नये. हल्ली हिंदी धाटणीची ‘नर्मदा परिक्रमा अनुभव भाग १’ अशी विभक्तीवाचून उघडी शीर्षके देण्याची जी रीत पडली आहे, ती केवळ कानाला खटकते असे नाही, ती लेखकाच्या हिताचीही नाही. खुणेसाठी निवडलेला शब्दही असाच विचारपूर्वक निवडावा. ‘प्रवास’ या शब्दाखाली नोंदलेला लेख समुद्रात टाकल्यासारखा. ‘मंडला ते जबलपूर, उत्तर तट’ अशी नोंद त्याला निदान घाटाला लावते.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक आक्षेप संकोचशील लेखकाचा: चांगले लेखन आपोआप वाचक शोधते, त्याने स्वतःचा डंका वाजवू नये. हा विनय वरून शोभिवंत असला, तरी त्याच्या पोटात थोडा अहंकार असतो. पुस्तके संपादकांकडे पाठविण्याचा खर्च आणि खटाटोप पूर्वीच्या ग्रंथकारांनी केलाच ना? १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त ज्यांची परीक्षणे आली, त्यांच्या प्रती संपादकांपर्यंत आकाशमार्गे पोहोचत नसत. दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: सगळेच खोट्या खुणा घालतात, आपण एकट्याने सोवळे का राहावे? याचे उत्तर विद्यापीठांनी नुकतेच अनुभवले आहे. शोधनिबंधांची आणि उद्धरणांची मोजणी सुरू होताच परस्परांना उद्धृत करणारी मंडळे निघाली, मान्यताप्राप्त नियतकालिकांची नावे चोरून नकली संकेतस्थळे उभी राहिली; आणि केअर ही नियतकालिकांची सूची बंद केल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाला २०२५ साली जाहीर करावे लागले. त्या पडझडीत प्रामाणिक लहान नियतकालिकांचा मानही गेला. शोधयंत्रे तर आता दुवे दाखविण्याआधी स्वतःच उत्तराचा गोषवारा मांडू लागली आहेत. तो गोषवारा ज्या पानांवरून घेतला जातो त्यांत मराठी पान असावे की नसावे, हे त्या पानाविषयीच्या विश्वासार्ह खुणांवर काही अंशी तरी अवलंबून राहणार.

भारतीय भाषांच्या विभागांना येथे करण्याजोगे काम आहे, आणि त्याला फारसे द्रव्य लागत नाही. एखादा विषय घ्यावा. जबलपूरच्या संदर्भात नर्मदाच घ्यावी. हिंदी, मराठी आणि गुजराती या तिन्ही भाषांतील मुद्रित व महाजालावरील लेखनाची एक सटीप सूची विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावी. तीत दोन विभाग असावेत. पहिल्यात जे जे कळविले जाईल ते नोंदवावे, लेखकांनी स्वतः कळविलेलेही, आणि त्या दुव्यांना ‘नोफॉलो’ची चिठ्ठी बिनदिक्कत लावावी. दुसऱ्यात अभ्यासकाने वाचून, आपले नाव घालून, चार वाक्यांचा अभिप्राय लिहावा. तेथला दुवा मोकळा असावा. लेखकांना पहिल्या विभागात स्वतः येता येईल, दुसऱ्यात त्यांना कोणी तरी आणावे लागेल. विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेताना गुणांच्या लोभाने अभिप्रायांची रास पडणार नाही इतकी दक्षता मात्र घ्यावी लागेल. एका सत्रात एका विद्यार्थ्याने पाच लेख वाचून लिहिले तरी पुष्कळ झाले.

अशा सूचीत जबलपूरच्या अमृतलाल वेगडांची (१९२८–२०१८) नोंद करताना पहिली अडचण येईल. शांतिनिकेतनात चित्रकला शिकलेल्या वेगडांनी १९७७ पासून नर्मदेच्या पायी यात्रा केल्या आणि त्यांवर हिंदीत व गुजरातीत, दोन्ही भाषांत, स्वतःच लिहिले. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हिंदी वाचकाचे झाले. साहित्य अकादमीचा २००४ चा पुरस्कार मिळाला तो गुजराती ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ला. यंत्राच्या लेखी ही एकाच मजकुराची दोन पाने ठरतील की दोन स्वतंत्र ग्रंथ? तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक त्यांना दोन ग्रंथच म्हणेल. त्यामुळे सूचीत नोंदी दोन कराव्या लागतील, दोहोंवर अभिप्राय निराळे लिहावे लागतील, आणि हिंदी नोंदीतून गुजराती नोंदीकडे व तिकडून परत असा दुवा द्यावा लागेल. मराठीत त्याविषयी ज्याने जे लिहिले असेल ते त्यांच्याखाली येईल.